हात हलवत उभी राहणारी माणसं

तुमच्या त्या गेममधल्या माणसांइतकी निकामी माणसं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत, आणि तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे माझा जन्म सरकारी क्वार्टरांमध्ये गेला आहे, हे लक्षात घ्या. तुमच्यातल्या धाकटीला हा प्रकार अर्धाच ठाऊक आहे. उरलेला अर्धा तिला आणि तुम्हा सगळ्यांना कळावा म्हणून लिहिते.

धाकटीच्या परीक्षा जवळ आल्या तेव्हा तिच्या आईने तिकडे परदेशात गेम बंद केला. धाकटी फोनवर रडली. मला वाटलं, खेळायला मिळत नाही म्हणून रडते. तसं नव्हतं. गेममध्ये तिने एक घर मांडलं होतं. त्यात आई, बाप, एक आजोबा आणि नुकतंच जन्मलेलं बाळ. हे बाळ फार वेळ उपाशी राहिलं तर सरकारी कार्यालयातून एक बाई येते आणि त्याला घेऊन जाते. नेलेलं बाळ परत मिळत नाही. धाकटी म्हणाली, "आजी, गेम बंद ठेवला तर बाळ तान्हंच राहील. ते थोडं मोठं होईपर्यंत तू बघशील? गेम उघडून ठेवायचा आणि त्यांना वेळेवर सगळं करायला लावायचं." तिने फोनवर सांगून तिचं खातं माझ्या लॅपटॉपवर उघडून दिलं. मी शब्द दिला. गेम आपोआप साठवला जातो आणि मागे जायची सोय तिने स्वतःच काढून टाकलेली होती, कारण ती तिला लबाडी वाटते. तेव्हा चूक झाली तर ती कायमची, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

या गेममध्ये जिंकणं-हरणं नाही. माणसांना उठवायचं, जेवू घालायचं, अंघोळीला पिटाळायचं, नोकरीवर धाडायचं. जन्मभर घरात केलं तेच, फक्त माउसने. बाप चांगला धडधाकट, पण सांगितल्याशिवाय लघवीलाही जात नाही. आई वाढलेली थाळी समोर असताना भूक लागली म्हणून पोट धरते. आजोबा टीव्हीसमोर. ते तेवढे खऱ्यासारखे होते. बाळाला मात्र स्वतंत्र खोली! तान्हं मूल एका खोलीत आणि आई दुसऱ्या खोलीत, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं कोण जाणे. तरी मी शिस्त लावली. ठरलेल्या वेळी बाळाचं दूध, मग बापाचा डबा, मग आजोबांचं औषधपाणी. काही दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग मी डोळे दाखवायला नागपूरला गेले. परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर लावला, जाऊबाईंना शेजारी बसवलं आणि गेम उघडला. जाऊबाई म्हणजे तुमची चुलत आजी. तिचे यजमान गेल्यापासून ती कोरपन्याचं घर मुलाच्या हवाली करून माझ्याकडे चंद्रपूरला राहते. तिला या गेमचं भारी कौतुक. मी आईला हुकूम दिला, बाळाला पाज. डोक्यावर दुधाच्या बाटलीचं चित्र उमटलं आणि पुसलं गेलं. आईने दोन्ही हात वर करून हलवले आणि निजायच्या खोलीत होती तिथेच उभी राहिली. पुन्हा हुकूम. पुन्हा हात. बापाला सांगितलं, तोही न्हाणीघरात उभा राहून हात हलवायला लागला. आजोबांनी तर मानही वळवली नाही. पलीकडच्या खोलीत बाळ रडायला लागलं.

"आयकत काऊन नाई हे?" जाऊबाई म्हणाल्या.

"आळशी आहेत," मी म्हटलं.

मी गेम थांबवला. थांबवला की बाळाची भूकही थांबते, पण हुकूमही चालत नाहीत. म्हणजे दुरुस्ती करून पाहायची तर गेम चालू करायचा, आणि तेवढा वेळ बाळ आणखी उपाशी. भुकेची पट्टी हिरवी होती ती पिवळी झाली होती. तुमच्या गावी तेव्हा पहाट. शिवाय परीक्षेच्या दिवसांत त्या पोरीला हे सांगायचं नाही, असं मी ठरवलं.

मग मी इंटरनेटवर शोधलं. या गेमचे चाहते तिथे एकमेकांना सल्ले देतात. मला इंग्रजी वाचायची सवय आहे, पण इतकं भिकार इंग्रजी इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. एकाने लिहिलं होतं, माणसाला पुन्हा मूळ स्थितीत आणा. मी आणलं. बाप दिसेनासा झाला आणि त्याच न्हाणीघरात त्याच जागी पुन्हा उगवून हात हलवायला लागला. दुसऱ्याने लिहिलं होतं, साठलेला कचरा पुसा. पुसला. तिसरा म्हणत होता, बाहेरून आणून घातलेल्या जास्तीच्या वस्तू काढून टाका, सगळा दोष त्यांचाच असतो. धाकटीने कुठून कुठून कपडे, दागिने, केस आणून घातले होते. ते काढले. आईचे केसही बाहेरूनच आणलेले होते, हे मला त्या क्षणी कळलं.

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. "हे काय केलं वं बाई! चांगल्या सवाशिणीले टकली केली."

"निदान आता तरी ऐकेल," मी म्हटलं. टकली आई हात हलवून उभी राहिली.

एवढ्यात पलीकडचे इंजिनिअर साहेब आले. वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाच्या घरात काही बिघडलं की घरबसल्या वास येतो. त्यांनी लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात लावला.

"वहिनी, हे तापलंय. बाकी काही नाही. आपल्या चंद्रपूरची धूळ आहे, आत कोळसा बसलाय."

"माणसं ऐकत नाहीत म्हणजे कोळसा?"

"मशीन आहे. मशीनला श्वास लागतो."

त्यांनी खिशातून पेचकस काढला. हा गृहस्थ मुलाच्या लग्नातही खिशात पेचकस घेऊन उभा असेल. लॅपटॉप उघडला, फुंकर मारली, काळी भुकटी माझ्या धुतलेल्या चादरीवर उडाली. परत बंद केला तेव्हा एक स्क्रू टेबलावर उरला.

"हा?" मी विचारलं.

"कंपनीवाले एखादा जास्तीचाच देतात." ते चहा पिऊन गेले. गेम सुरू केला. आई, बाप, दोघांचे हात वर. बाळाची पट्टी केशरी.

मला संताप आला तो त्या हातांचा. तुमचे आजोबा भामरागडला होते तेव्हा पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जायचा आणि आम्ही सगळे अलीकडे अडकायचो. भाजी नाही, टपाल नाही, डॉक्टर पलीकडच्या काठावर. पण मी तिथे कुणालाही असे हात हलवत उभं राहिलेलं पाहिलं नाही. शेजारची गोंड बाई कोंबडं झाकून ठेवायची, सुकी मासळी काढायची, जावयाला जाळं घेऊन नाल्यावर पाठवायची आणि मला विचारायची, तुमच्याकडे मीठ आहे का. आणि इथे ह्यांच्या शेजारच्या खोलीत फ्रिज भरलेला आहे, भिंतीपलीकडे पोटचं मूल रडतंय, आणि हे छताकडे पाहून तक्रार करतात. कुणाकडे तक्रार करतात? माझ्याकडे. मीच तर सांगते आहे, जा म्हणून.

पुढचा सल्ला होता, वाटेतल्या वस्तू हलवा. खुर्च्या, गालिचे, कपाटं मी भिंतींना लावली. उपयोग शून्य. आजोबांचा टीव्ही विकून टाकला, रागानेच. आजोबा रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिले. आणि या सगळ्यात बाळाची पट्टी लाल झाली. पडद्यावर सूचना आली की मुलाची हेळसांड होत असल्याचं कार्यालयाला कळलं आहे. लगेच अंगणाबाहेर पांढरी गाडी थांबली. निळ्या कोटातली एक बाई उतरली, काखेत फाइल. आपल्याकडे अशा बाईला यायला एरवी तीन अर्ज आणि एक ओळख लागते. ही मात्र लगेच हजर.

मी धाकटीला काय तोंड दाखवणार, हे मनात आलं आणि गेम थांबवायचंही सुचलं नाही. ती बाई अंगण ओलांडून आली. दार उघडलं. आणि दारात उभी राहून तिने दोन्ही हात वर केले आणि हलवायला लागली.

तेव्हा मी गेम थांबवला आणि शांतपणे विचार केला. ही बाई आत्ता रस्त्यावरून आली. तिचे केस शाबूत. तिच्या खोलीतलं कपाट मी हलवलेलं नाही. घरातल्या माणसांचा दोष हिला कसा लागेल? म्हणजे दोष माणसांत नाही, दारात आहे. मी चित्र मोठं केलं. दाराच्या आतल्या अंगाला जमिनीवर राखाडी दगडाची बुटकी पट्टी होती. मी ती आधीही पाहिली होती आणि धाकटीने फरशीची नक्षी केली असेल असं समजले होते. न्हाणीघराच्या दारात पट्टी. निजायच्या खोलीत पट्टी. बाळाच्या खोलीत पट्टी.

"ही बाई दारातच काऊन थांबली?" जाऊबाईंनी विचारलं.

"आत येता येत नाही तिला."

"येईनच कशी? उंबरठा आहे ना तिथी."

मी वळून पाहिलं. "कसला उंबरठा?"

"म्या बसवला. तुमी डोळे दाखवाले गेल्या होत्या ना, त्या दिवशी. बागेच्या कडेले लावाचे दगड होते त्या सामानात, थेच लावले. सगळ्याइ दाराइले लावले. बिना उंबरठ्याचं घर कुठी असते का बाई? पोरीनं इतकं चांगलं घर बांधलं अन् उंबरठाच नाई. लक्ष्मी थांबन कुठी?"

"अगं, हे लोक उंबरठा ओलांडू शकत नाहीत!"

"लंगडे हायेत का?"

बोटभर उंचीच्या दगडावरून पाय उचलून टाकायची अक्कल ज्यांना नाही, ते पियानो वाजवतात, रॉकेट बांधतात, निवडणूक लढवतात. हे सगळं त्या गेममध्ये आहे. ज्यांनी तो बनवला त्यांनी उंबरठा पाहिलेला नसणार. त्यांच्या हिशेबी तो कुंपण. आणि जाऊबाईंच्या हिशेबी तो न लावता घर सोडणं म्हणजे पाप. आणि इतका वेळ माझ्या शेजारी बसून, मी कचरा पुसते आहे, बाईला टकली करते आहे, लॅपटॉपचं पोट फाडू देते आहे हे पाहत ही बाई गप्प.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलं काऊन नाई?"

मी दगड काढायला घेतले. माझी रीत अशी की कुठलंही काम एका टोकापासून सुरू करायचं. घर झाडायचं तेही पुढच्या दारापासून. मी पुढच्या दाराच्या दगडावर माउस नेला, तेव्हा जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

"थो नाई काढाचा!"

"हात सोड."

"थो काढला त थे बाई आत येईन अन् लेकरू घेऊन जाईन. आदी मायले सोडा. हिले उभी राहू द्या तिथीच."

मी शिकलेली बाई आहे. रागाच्या भरात मला हे दिसलं नव्हतं, एवढंच. मी निजायच्या खोलीचा दगड काढला, मग बाळाच्या खोलीचा, आणि गेम चालू केला.

आई सुटली. आणि कुठे गेली? नाचायला. मघापासून दिलेले सगळे हुकूम तिच्या डोक्यात रांगेने उभे होते आणि त्यांत केव्हातरी चुकून रेडिओवर बोट पडलेलं होतं. लाल पट्टी जवळजवळ संपलेली, दारात सरकारी बाई, आतून मूल टाहो फोडतंय, आणि टकली आई रेडिओसमोर कंबर हलवते आहे.

"नाचून राह्यली! अवो, नाचून राह्यली पाहा! भवाने, लेकरू मरते तुयं!" जाऊबाई पडद्यावर बोट आपटायला लागल्या.

मी एक-एक हुकूम खोडला. नाच खोडला, पुस्तक खोडलं, अंघोळ खोडली. शेवटी बाटली उरली. आई सावकाश, बाजारात चालल्यासारखी, बाळाच्या खोलीत गेली. वाकली. त्याला उचललं. पट्टी लालची केशरी झाली, केशरीची पिवळी. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी पडद्याची दृष्ट काढली आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

दारातली बाई थोडा वेळ हात हलवत राहिली. मग तिने फाइल उघडून काहीतरी लिहिलं, तोंड वाकडं केलं आणि गाडीत बसून निघून गेली. मी तिला अजिबात दोष देत नाही. त्या घरात तेवढी एकच बाई स्वतःचं काम करायला आपणहून आली होती.

आतले सगळे दगड मी त्याच दुपारी काढले. पुढच्या दाराच्या दगडावरून मात्र आमचं जुंपलं. तो राहिला तर बाप नोकरीवर जाऊ शकत नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, "नाई गेला त काय होते? जाऊन कोन्ते दिवे लावून राह्यला होता? थे बाई पुन्ना आली त?" त्या बापाबद्दल आमचं दोघींचं मत पहिल्यापासून एकच होतं. तेव्हा दगड राहिला. बापाला कामावरून काढल्याचं पत्र आलं, ते मी वाचून पुसून टाकलं. तो दिवसभर घरात असल्यामुळे त्याला बाळाचे लंगोट बदलायला लावता आलं. ते काम त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

एक दिवस ते बाळ पाळण्याबाहेर येऊन, खुर्चीला धरून उभं राहिलं आणि खुर्ची सोडून चाललं. आता भूक लागली तर ते स्वतः फ्रिजपर्यंत जाऊ शकणार होतं, म्हणजे आईबापांच्या पुढे. जाऊबाईंनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आता काढा थो. आता कोनाच्या हाती नाई लागत थे."

मी दगड काढला. बाप बाहेर गेला, अंगणात जाऊन उभा राहिला आणि कुठे जायचं ते मी सांगेन म्हणून माझ्याकडे पाहत राहिला.