सप्तपर्णीच्या गावच्या काकू

कुठल्याही नव्या जागी गेल्या की काकू आधी मान वर करून झाडं बघायच्या. आम्ही पार्किंग शोधत असायचो आणि त्या म्हणायच्या, "सावली आहे. भागेल."

अशी एखादी काकू तुम्हीही पाहिली असेल. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या काकू निवृत्त डॉक्टर. घरची माणसं मूळची साताऱ्याकडची, पण वडील चित्रकला शिकवायला बंगालमध्ये शांतिनिकेतनला गेले आणि काकू तिथेच वाढल्या. तिथे आठवड्याची सुट्टी बुधवारी. म्हणून मिशिगनच्या हॉस्पिटलातही काकूंनी नोकरीभर रविवारी ड्यूटी केली आणि बुधवारी घरी राहिल्या. कुणी हसलं तर विचारायच्या, "रविवारी माणसं आजारी पडत नाहीत का?"

आमची शनिवारची मराठी शाळा भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. एका वर्षी तो हॉल विकला गेला. परवडेल असा दुसरा मिळेना. पालकांच्या मीटिंगमध्ये एक जण म्हणाला, "यार, हे वर्ष कॅन्सल करू. जागाच नाही तर शाळा कशी भरवणार?"

काकू उभ्या राहिल्या.

"आमचं गाव गाव नव्हतंच. लाल मातीचा उजाड माळ होता. दिवसासुद्धा लोक दरोडेखोरांना भ्यायचे. एक जमीनदार तिथून चालले होते, त्यांना सप्तपर्णीची दोन झाडं दिसली. त्या सावलीत ते टेकले आणि तीच जमीन त्यांनी घेतली. घर बांधलं, झाडं लावली. पुढे त्यांच्या मुलाने तिथे शाळा काढली. विद्यार्थी किती? पाच! लोकांनी वेड्यात काढलं. त्या शाळेचं विद्यापीठ झालं आणि विद्यापीठाभोवती गाव. आपल्याकडे तर पाचाहून जास्त मुलं आहेत."

"काकू, ते बंगाल होतं. इथे थंडी असते," मी म्हणालो.

"मग जॅकेट घाला."

पार्कात झाडाखाली शाळा भरवायला तिथल्या ऑफिसने दोनदा नाही म्हटलं. काकू तिसऱ्यांदा गेल्या आणि परवानगी घेऊनच आल्या. मेपलच्या एका मोठ्या झाडाखाली शाळा सुरू झाली. मुलं चटयांवर गोल बसायची. काकूंचे गुडघे दुखायचे, खाली बसता यायचं नाही. मी घडीची खुर्ची नेली तर म्हणाल्या, "मुलं खाली आणि मी वर? नको." तासभर बुंध्याला टेकून उभ्या राहायच्या.

एकदा मी विचारलं, "आता कसं आहे हो तुमचं गाव?"

"हॉटेलं झालीत. सुट्टीला कोलकात्याच्या गाड्यांची रांग लागते. मागच्या खेपेला मला आमचं घरच सापडेना." मग पदर खोचून म्हणाल्या, "म्हणून सुरुवात चुकली होती का? चल, मुलं खोळंबलीत."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. हृदय थकलं होतं, हे त्यांना उन्हाळ्यापासून माहीत होतं. आम्हाला नंतर कळलं.

मला आठवतो तो त्यांचा शेवटचा वर्ग. वारा बोचत होता, बारीक पाऊस सुरू झाला होता. आम्ही पालक हीटर लावून गाड्यांमध्ये बसलो होतो. समोर ताडपत्रीखाली मुलं, आणि लांब कोट घातलेल्या काकू बाराखडी म्हणवून घेत होत्या. मध्येच त्यांचा आवाज बसला. मुलं थांबली. काकूंनी हातानेच खूण केली, पुढे म्हणा. मुलं म्हणू लागली.

कुणीतरी इंजिन बंद केलं. मग शेजारच्या गाडीचं दार उघडलं. मीही उतरलो. एकेक करत आम्ही सगळे ओल्या गवतातून गेलो आणि मुलांच्या मागे दाटीवाटीने बसलो.

काकूंनी आमच्याकडे बघितलं. बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "उशीर केलात. म्हणा आता."