मधोमध बसणारी मेहुणी

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात माझ्या मेहुणीइतकं बोलणारं माणूस शोधून सापडायचं नाही, आणि ती जन्मापासून ठार बहिरी आहे. तिला मूकबधिर म्हटलेलं खपत नाही. "बहिरी म्हना, खरं हाये. मुकी कायची? बोलून तर राहिली!" असं ती हातांनी सुनावते, आणि त्या भरात समोरच्याचा चहा हमखास सांडतो. तिच्या हातांचं भाषांतर मी झाडीबोलीतच करतो, कारण देवरीच्या पोरीचे हात पुणेरी बोलणार तरी कसे? तोंडात घास असो, ऊस असो, तिचं बोलणं थांबत नाही. नवेगावच्या तलावात तिनं बुडी मारली की डोक्याआधी हात वर येतात आणि खाली काय दिसलं ते सांगू लागतात. स्कूटर चालवताना तिला काही आठवलं की ती हँडल सोडून देते. मागं बसून मी जेवढे देव आठवले तेवढे आमच्या देवघरातही नसतील. एकदा नागझिऱ्याला गाइडनं सगळ्यांना गप्प बसवलं, तर हिनं उघड्या जिप्सीत उभं राहून आमच्या सासऱ्यांची अस्वलाशी झालेली गाठ हुबेहूब करून दाखवली. आवाज शून्य, पण आमच्या हसण्यानं गाडी गदगदा हलू लागली. शेवटी गाइडनं हात जोडले, "म्याडम, हात खाली घ्या जी, जनावर बिचकते."

कुणाचं लक्ष वेधायचं असलं की आपण हाक मारतो, ती दिवा लावते आणि विझवते. बहिऱ्यांच्या घरात ही रीतच आहे. आमच्या घरी आईचं भजनी मंडळ बसलं होतं, तेव्हा चहा झाल्याचं सांगायला हिनं बटण चारपाच वेळा खालीवर केलं. मंडळाला वाटलं, लाइन चालली. टाळ पिशवीत घालून सगळ्या बाया घरी गेल्या आणि तीस कप चहा आम्ही दोघांनी संपवला.

तर अशी ही मेहुणी दर रविवारी सकाळी आमच्याकडच्या एका केबल वाहिनीवर जिल्ह्याच्या बातम्या देते. मी शाळेत मराठी शिकवतो आणि रविवारी तिचा आवाज होतो. ती हातांनी सांगेल ते मी पडद्यामागून माइकवर बोलतो. दुसरीकडं हातांनी बोलणाऱ्या माणसाला कोपऱ्यातल्या गोलात बसवतात. त्या गोलाला ती डबी म्हणते. "डबीत चुना ठेवते मानूस, मानूस नाही ठेवत." म्हणून तिच्या कार्यक्रमात ती मधोमध, आधी तिचे हात आणि एक वाक्य मागून माझा आवाज. "ऐकनाऱ्यायनं थांबावं थोडंसं. आमी जनमभर थांबलो."

आता बातम्या म्हटल्या की नावं आली. प्रत्येक नाव बोटांनी अक्षर अक्षर करत बसलं तर हवामानापर्यंत दुपार व्हायची, म्हणून बहिरे लोक प्रत्येकाला त्याच्या सवयीवरून किंवा खुणेवरून हातांचं एक नाव देतात. वाहिनीच्या शेठचं नाव म्हणजे तळहातावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचं नाव तिनं ठेवलं होतं दोन्ही हातांनी डोक्यावरचे केस दाबून बसवणं, कारण ते केस त्यांचे नव्हते. बोअरवेलपासून बालवाडीपर्यंत सगळ्याचं उद्घाटन तेच करत, त्यामुळं रविवारी हे नाव पाचसहा वेळा यायचं. जिल्हाभर लोकांना ते पाठ झालं. मग ते एका गावी समाजमंदिराच्या उद्घाटनाला गेले, तर आरत्या घेऊन उभ्या असलेल्या बायांनी ताटं खाली ठेवली आणि आदरानं दोन्ही हातांनी आपापले केस दाबले. एका म्हाताऱ्यानं तर त्यासाठी टोपी काढली. गांगरून पुढाऱ्यांचे हातही डोक्यावर गेले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी शेठनं आम्हाला बोलावलं. "नेताजी नाराज हैं. मॅडम को कोने में बिठाओ. बीच में नागपुर से नई लड़की आएगी."

मी ते तिला सांगितलं. ती मधल्या खुर्चीत जाऊन बसली, हात काखेत दाबले आणि तासभर एक शब्द बोलली नाही. चौदा वर्षांत मी ते हात गप्प पाहिले नव्हते. मला फार भीती वाटली.

मग ते सुटले. "नेत्याले बोलवा."

पुढारी आले. तिनं सगळी रीत समजावली, मी बोलून दाखवली. "मंग बदला ना नाव," ते म्हणाले, "वाघ ठेवा. नागझिऱ्याचा वाघ!" पण आपलं नाव आपण ठेवायचं नसतं, ते बहिऱ्यांची पंचायत ठरवते. तिनं मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला आणि इवल्या इवल्या चौकटींत बारा माणसं हमरीतुमरीवर आली. खोलीत चिडीचूप. पुढाऱ्यांना घाम फुटला. ते मला विचारू लागले, "काय म्हनून राहिले जी? काऊन हसून राहिले?"

मी म्हणालो, "नंतर सांगतो."

निकाल लागला. नावातून केस काढता येतील, त्याऐवजी पोट घ्यावं किंवा स्टेजवरची झोप. पुढाऱ्यांनी बराच विचार केला. "केसच राहू द्या," ते म्हणाले, आणि स्वतःच हसत सुटले. जाताना शेठला बजावून गेले, "बाईले मधातच बसवा."

त्या आनंदात मी तिला माझ्या नावाचा अर्थ विचारला. तळहात हवेत पुढं सरकवायचा, असं ते नाव. मी समजत होतो, सगळ्यांना पुढं नेणारा वगैरे. ती म्हणाली, "नंतर." मला वाटलं, नंतर सांगेल; पण तेच माझं नाव होतं. माझं लग्न झालं तेव्हापासून सगळे जेवताना हसू लागले की ती माझी बाही ओढून विचारायची, काय झालं? आणि मी म्हणायचो, नंतर सांगतो. "कधीच नाही सांगतलं, भाऊजी," ती म्हणाली. रागानं नाही. मला मात्र मान वर करवेना.

गेल्या महिन्यात देवरीला सगळे जेवायला बसलो होतो. मेहुण्यानं काहीतरी सांगितलं आणि पंगत हसून लोळली. ती खाली मान घालून जेवत होती. तिनं विचारलंही नाही; ती सवय केव्हाच मोडली होती. मी जेवण थांबवलं आणि रश्शानं माखलेल्या हातांनी तो विनोद तिला तिथल्या तिथं, सबंध सांगितला.

तिनं तो नीट पाहिला. "एवढ्यावर?" ती म्हणाली. "इतके वर्षं मले वाटे, मी लय काही गमावून राहिली."

आणि ती इतकी हसली की पंगत गप्प झाली. सगळे मला विचारू लागले, काय झालं, काय झालं? मी कुणालाच सांगितलं नाही. माझं नाव अजून तेच आहे, आणि पंचायतीकडं ते बदलून मागायची माझी हिंमत होत नाही.