लाल रेघ मारलेली नावं

त्या वेळी मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळच्या एका छोट्या व्यवसाय-प्रशिक्षण कॉलेजात उपप्राचार्य होते. कडक बाई म्हणून माझी ख्याती होती आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायची. लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलेल्याचं नाव हजेरीपटावर मी स्वतः लाल शाईने कापायचे.

कॉलेजवर दोन मजले चढवायचं ठरलं, तेव्हा तिथे काय शिकवायचं याचा आराखडा माझ्याकडे आला. महिनाभर मी एमआयडीसीतल्या कंपन्यांचे उंबरे झिजवले, मॅनेजर लोकांकडून फॉर्म भरून घेतले. बहुतेकांची मागणी एकच: इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग येणारी माणसं द्या. तो वर्ग आमच्याकडे होताच, रोज चार ते सहा. पण निम्मे लोक महिन्याभरात गळायचे. आपल्या लोकांना चिकाटी नाही, असं म्हणून मी आराखड्यातून तो वर्गच उडवला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर लॅब टाकली. मला तशी लॅब फार दिवसांपासून हवी होती, हेही सांगून टाकते.

मंजुरीची मीटिंग साडेतीनला होती. घोडबंदर रोडला राहणारे संस्थेचे अध्यक्ष शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मीटिंगला जमलेले आम्ही सगळे माझ्या केबिनमध्ये त्यांची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. तिशीची असेल. अंगावर कंपनीचा निळा एप्रन तसाच होता.

"मॅडम, वायरिंगच्या क्लासला माझं नाव परत घ्या ना. तुम्ही कापलंत."

"दांड्या मारल्यावर कापणार नाही तर काय करणार?"

"दांडी नाय मॅडम. दुपारची शिफ्ट लागलेली. आमच्या पॅकिंगमध्ये एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची, असंच असतं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगायला आलेले. तुम्ही म्हणालात, कारणं नकोत."

म्हणाले असेन. दिवसातून दहादा म्हणायचे.

दिवाळीनंतर तिच्या कंपनीत पॅकिंगचं ऑटोमॅटिक मशीन येणार होतं. वायरिंग येणाऱ्या दोघीतिघींना मेन्टेनन्सला ठेवणार, बाकीच्यांना घरी पाठवणार. "माझ्याकडं तेवढेच महिने आहेत," ती म्हणाली.

मला तिचाच राग आला. नियम म्हणजे नियम, हे दाखवायला मी हजेरीपट उघडला. पहिला आठवडा ती सहाही दिवस हजर. मग सोमवार, मंगळवार, बुधवार गैरहजर आणि पुढे माझी लाल रेघ. वरच्या नावाचं तसंच. खालच्याचंही तसंच. मागची पानं उलटली. कापलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गैरहजेरी सोमवारीच सुरू झाली होती. म्हणजे शिफ्ट बदलायच्या दिवशी.

उंटावरून शेळ्या हाकत होते मी. मॅनेजरला काय हवं ते विचारलं, पण गेटमधून बाहेर पडणाऱ्यांना त्यांची वेळ विचारली नाही. आणि वर त्यांनाच चिकाटी नाही म्हणाले.

तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. तेवढ्यात अध्यक्ष आले, ते ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडतच. बसता बसता त्यांनी सहीसाठी पेन काढलं. गप्प राहिले असते तर दहा मिनिटांत सगळं उरकलं असतं.

"सर, सही करू नका," मी म्हणाले. "आराखडा चुकलाय."

"मॅडम, आज मंजुरी झाली नाही तर काम वर्षभर लांबेल."

"वायरिंगचा वर्ग ठेवायला हवा. आणि तोच धडा दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी. ज्याची जशी शिफ्ट, तसा तो येईल. लॅबची जागा त्याला द्या. मजले होतील तेव्हा होतील, दोन्ही वेळचे वर्ग सध्याच्याच खोलीत सोमवारपासून सुरू करू."

"लॅबचा हट्ट तुमचाच होता ना? इतकी वर्षं हे कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी हजेरीपट त्यांच्यापुढे सरकवला. "रेघा मी मारल्यात, सर."

त्यांनी एकेक पान उलटलं. मग त्यांनी लॅबवर काट मारली, शेजारी दुरुस्ती लिहिली आणि खाली सही केली.

बाहेर येऊन तिला सांगितलं. ती आनंदाने काही बोलेल असं वाटलं होतं. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. तिच्या शिफ्टचं महिन्याभराचं वेळापत्रक, खाली कंपनीचा शिक्का. घडीवर कागद फाटायला आला होता.

"हे ठेवा तुमच्याकडं, म्हणजे परत नाव कापलं जाणार नाही," ती म्हणाली. "त्या वेळीपण हाच कागद दाखवायला आलेले."