आगाऊ फोटो

आमच्या पेपरात त्याला सगळे चित्रगुप्त म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. मी शहराचं पान लावायचे. त्याचं टेबल माझ्या टेबलाला खेटून, मध्ये दोघांत मिळून एक टेलिफोन. त्यामुळे त्याची अर्धी बोलणी मला ऐकावीच लागायची आणि उरलेली अर्धी तो स्वतःहून ऐकवायचा.

त्याच्या दिवसाचा काही नेम नसे. सकाळी फुटलेली पाइपलाइन, दुपारी शाळेतला बक्षीस समारंभ, संध्याकाळी फुटबॉलचा सामना, आणि मध्येच कुठे आग लागली की तिकडे धाव. बुटांना राख लागलेली असतानाच तो समारंभाला पोचायचा आणि प्रमुख पाहुण्यांना सांगायचा, "साहेब, ढाल जरा खाली घ्या, तोंड झाकतंय." साहेबांच्या कपाळावर आठी पडायची, पण ढाल खाली यायची. एकदा कोर्टाच्या पायऱ्यांवर दिवसभर निकालाची वाट पाहिली आणि आरोपीची आई बाहेर आली तेव्हा फोटो न काढताच परत आला. संपादकांनी झापलं. "रडत होती ना ती?" "हो." "मग काढला का नाहीस?" "रडत होती म्हणून," एवढंच बोलला आणि चहा प्यायला गेला.

फोटो माझ्या टेबलावर ठेवला की त्याचं काम संपलं. पान म्हणजे काही रबर नव्हे, कुणाला तरी कात्री लावावीच लागते. पुराच्या पाण्यातून कपाट उचलून नेणाऱ्या माणसांचा त्याचा एक झकास फोटो होता. जागा नव्हती म्हणून मी निम्मी माणसं उडवली, कपाट तेवढं अधांतरी राहिलं. दुसरा कुणी असता तर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्या. हा म्हणाला, "टिपायचं माझं, कापायचं तुझं. आपला काही वाद नाही."

चित्रगुप्त हे नाव पडलं ते मात्र आगाऊ फोटोंमुळे. शहरातलं कुणी नावाजलेलं माणूस थकलं, अंथरुणाला खिळलं, की संपादक ह्याला हळूच सांगायचे, "त्यांचा एक चांगलासा काढून ठेव." माणूस गेल्यावर बातमीबरोबर छापायला. तसं नाही केलं तर ओळखपत्रावरचा भेदरलेला चेहरा छापावा लागतो, आणि आयुष्यभर मानानं जगलेला माणूस शेवटी चोरासारखा दिसतो. या कामाची रीत ठरलेली होती. काहीतरी सबब सांगायची, मागे साधी भिंत घ्यायची, आणि फोटो एकट्याचाच काढायचा. पण लोक काही दुधखुळे नव्हते. काही कार्यक्रम नसताना चित्रगुप्त बॅग घेऊन दारात उभा राहिला की घरात कुजबुज सुरू व्हायची. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर दारातच विचारलं, "माझा नंबर लागला वाटतं?" ह्याची बोबडी वळली. बाई पुढे चांगल्या ठणठणीत राहिल्या आणि दरवर्षी फोन करून म्हणायच्या, "अरे, तो फोटो आता जुना झाला असेल, नवा काढून जा."

हे सगळं त्याला शिकवलं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे त्याच्या आधीचे आमचे फोटोग्राफर. बोलायला तिखट, मनानं लोणी. त्यांचा एक धडा चित्रगुप्त येताजाता सांगायचा. माणसं जोडीनं किंवा घोळक्यानं उभी केली तर खांद्याला खांदा चिकटू द्यायचा नाही, मध्ये फट ठेवायची. उद्या त्यातला एकच माणूस हवा असेल तर सरळ कापता आला पाहिजे. उस्ताद घरच्या न्हाणीघरात फोटो धुवायचे आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते कात्रीनं कापून द्यायच्या. फट राहिली नसली की त्या करवादायच्या, "ह्याचा कान त्याच्या खांद्यावर राहिला बघा! आता मी काय करू?" आईविना वाढलेला चित्रगुप्त त्याच टेबलावर जेवून मोठा झाला.

मग उस्ताद आजारी पडले. डॉक्टरांनी खरं काय ते त्यांच्या मुलाला सांगितलं, मुलानं संपादकांना. वहिनींना कुणीच सांगितलं नव्हतं, त्यांना सोसणार नाही म्हणून. संपादकांनी चित्रगुप्ताला बोलावलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"उस्तादांचा आगाऊ काढायचाय," तो मला म्हणाला. "दर आठवड्याला जातो मी तिथे, पण हात हलवत. बॅग घेऊन गेलो तर वहिनींना काय कळायचं राहील? जन्मभर तेच बघितलंय त्यांनी. आणि नाही गेलो तर हे लोक उस्तादांचा ओळखपत्रावरचा छापणार."

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी गेला. तिथे काय झालं ते त्यानं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, मध्ये मध्ये थांबत.

दार वहिनींनी उघडलं. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग ह्याच्याकडे. "आज बॅग?" "नवी लेन्स आलीय, वहिनी. उस्तादांना दाखवावी म्हटलं." "बरं केलंस," म्हणून त्या आत गेल्या. उस्ताद खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांनी ह्याला जवळ ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लेन्स कुणाला सांगतोस? ही विद्या मीच दिलीय तुला. पण हिला पत्ता लागू देऊ नकोस. एकट्याचा काढलास तर ती लगेच ओळखेल. जोडीनं काढ, नंतर काय ते कापा."

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. कुणी सांगितलं नसताना त्यांच्या हातात उस्तादांचा इस्त्रीचा निळा शर्ट होता. त्यांनी तो उस्तादांना घातला, बटणं लावली, त्यांचा भांग नीट केला. उस्ताद म्हणाले, "तूही ये. दोघांचा काढतोय तो." भिंतीला टेकून उस्ताद कसेबसे उभे राहिले. वहिनी शेजारी आल्या आणि थांबल्या. ह्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. दोघांच्या मध्ये फट होती. सरळ, वरपासून खालपर्यंत, कापायला सोपी जाईल अशी.

"मला तिथेच कळलं," चित्रगुप्त म्हणाला. "वहिनींना सगळं ठाऊक होतं गं. मी कसाबसा एक काढला. आणि मग उस्तादांनी शेजारी बघितलं. त्यांनाही दिसली ती फट. माणसांत फट ठेवण्यात जन्म गेला त्यांचा, त्यांना दिसणार नाही होय? त्यांनी वहिनींचा दंड धरला आणि खस्सकन जवळ ओढलं. तोल जाऊन त्यांचं डोकं उस्तादांच्या खांद्यावर आलं. तेव्हा मी दुसरा काढला."

त्यानंतर तिघांनी चहा घेतला आणि लेन्सबद्दल बोलत बसले.

उस्ताद गेले ती बातमी दुपारी आली. मी एका कॉलमाची जागा सोडली आणि फोटो मागितला. चित्रगुप्तानं एकच फोटो टेबलावर ठेवला, दुसरा.

"ह्यात वहिनींचं डोकं आहे त्यांच्या खांद्यावर," मी म्हटलं. "मी कसा कापू? पहिला दे."

"पहिला देणार नाही. आणि हा कापायचा नाही."

इतक्या वर्षांत त्यानं मला कापू नको म्हणून कधी सांगितलं नव्हतं. मी काही बोलणार तोच संपादक आले. फोटो पाहून म्हणाले, "गेले कोण आणि छापताय कुणाला? वाचकांचा घोळ होईल. कापा."

"कापला तर खांदाही जाईल, साहेब," चित्रगुप्त म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझ्या उस्तादांना अर्धं नका करू."

मला बाकी काही कळो न कळो, पानावर जागा कुठे आहे ते कळतं. उद्घाटनाची फीत कापणारे महापौर मी उचलून बाहेर टाकले, उस्तादांना दोन कॉलम दिले आणि खाली ओळ लिहिली, कोण गेले आणि शेजारी कोण आहेत ती. संपादकांनी पान पाहिलं, महापौर कुठे गेले ते विचारलं आणि सही केली.

काही दिवसांनी टेलिफोन वाजला. ह्यानं तो उचलून दोघांच्या मध्ये धरला. वहिनी होत्या.

"पेपर पाहिला. मी अंतर ठेवून उभी होते ना रे?"

"होतात, वहिनी. हा त्याच्यानंतरचा. उस्तादांनी ओढलं ना तुम्हाला."

मग त्या म्हणाल्या, "हो. दंड दुखला माझा. तोवर मला वाटत होतं, त्यांना माहीत नाही. आणि त्यांना वाटत होतं, मला." त्यांनी नाक पुसलेलं ऐकू आलं. "बरं, आता येशील तेव्हा बॅग घेऊन ये. माझाही एकटीचा काढून ठेव. ऐन वेळी मुलाची धावपळ नको."

"तुमचा आहे, वहिनी," तो म्हणाला. "हाच. कापायचा नाही म्हणून हिला सांगून ठेवतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान फोनवर दिसत नाही हे ध्यानात आलं, म्हणून मग मोठ्यानं म्हटलं, "नाही कापणार, वहिनी."