सुनंदाताईंच्या पाठीमागचं कपाट

सकाळचे साडेदहा. मोताळ्यातलं आमच्या पेपरचं ऑफिस. एक खोली, एक खिडकी, तीन माणसं. टायपिंगच्या ऑपरेटर सुनंदाताई बाहेर ओट्यावर बसून खोकत होत्या.

आमच्या धंद्यात छापलेल्या बातम्यांपेक्षा न छापलेले किस्सेच जास्त साठतात. हे त्यातलेच.

"भाऊ, आत आली की डोकं दुखते, छाती भरून येते. डॉक्टर म्हणते, नोकरी सोडा." ताईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. मी भांडायला उभा राहिलो.

पहिला आरोपी भिंतीचा रंग. दुकानदाराला फोनवर झापलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, रंग देऊन सहा महिने झाले. आता तुमचाच वास येत असन."

*

दुसरा आरोपी मच्छर अगरबत्ती. फोटोग्राफर गणेश ती दिवसाही लावायचा. विझवायला लावली. धुराचा वास जावा म्हणून पठ्ठ्यानं रूम फ्रेशनर मारला. गुलाबाचा. ताई दोन दिवस रजेवर!

*

मग मी बंद खोल्यांतल्या विषारी हवेवर खणखणीत लेख लिहिला. एसी लावून, खिडकी बंद ठेवून. टाइप करता करता ताई म्हणाल्या, "भाऊ, लिहिलं तसं एकदा करून पाहा ना."

खिडकी उघडली. खोकला निम्म्यावर आला. पण गेला नाही.

*

शेवटी ताईंनीच छडा लावला. जुना अंक शोधायला पाठीमागचं कपाट उघडलं आणि झटकन मागे सरकल्या. "काऊन रे गण्या, इथं फवारणी करून राह्यला का?"

खालच्या कप्प्यात कीटकनाशकाच्या चार बाटल्या. एकीचं बूच गळत होतं. कपाशीवरची अळी मरत नाही म्हणून शेतकऱ्यांनी आणून दिलेल्या. बोगस औषधावरच्या माझ्याच बातमीचा, मीच जपलेला आणि मीच विसरलेला पुरावा.

"अळी नाही मेली याच्यानं," ताई म्हणाल्या, "मीच मरून राह्यली होती."

हातमोजे घालून बाटल्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुलूपबंद केल्या. पंधरा दिवसांत खोकला थांबला, नोकरी टिकली. ताई आता डबाही आतच खातात आणि मला टोमणे मारतात. टोमणे ऐकून एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

*

बाटल्यांवर सरकारी सील होती. बातमी छापल्यावर तपासणीला आलेल्या कृषी खात्याच्या साहेबांनी लावलेली. "उद्या गाडी पाठवतो, नमुने न्यायला," म्हणाले होते. गाडी आलीच नाही. परवा फोन करून म्हटलं, आता तरी घेऊन जा.

"त्याचा अहवाल तर कधीच आला," साहेब म्हणाले आणि प्रत पाठवली. चारही नमुने प्रयोगशाळेत तपासले, औषध प्रमाणित आढळले.

मी शेड उघडून पाहिलं. एकीचं बूच गळतंय. सील मात्र चारही शाबूत.