जीपची ओटी

कॅनडात मार्कहॅमला आमच्या शेजारच्या काकांना एक विलक्षण खोड होती. त्यांची जुनी अमेरिकन जीप बनवणारी कंपनी विकली गेली, की ते ड्राइव्हवेवर जीपची ओटी भरायचे. बॉनेटवर खण, नारळ आणि ओंजळभर बासमती! जर्मन मालकाने विकली तेव्हाही भरली होती.

पुढे कंपनी बुडायला आली. मग एका सकाळी आमची बेल वाजतच राहिली. दारात काका, हाफ पँटमध्ये, हातात नारळ.

"अरे, स्थळ आलं! इटलीचं! चल, फोटो काढ!"

ओटी भरून झाल्यावर ते बॉनेटवरची नावाची अक्षरं पंच्याने पुसायला लागले.

"एवढी घरं फिरली पोरगी, पण नाव बघ, माहेरचंच! कुणाची टाप आहे बदलायची?"

गराजच्या दारातून काकू म्हणाल्या, "मग लग्नात माझं का हो बदललंत?"

काकांनी पंचा खांद्यावर टाकला. बॉनेटवरचा नारळ उचलून त्यांनी काकूंच्या ओंजळीत ठेवला आणि त्यांना हाक मारली.

ते नाव मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.