मेंढरांना ऐकू गेलेली हाळी

भुताखेतांचं मला सांगू नका. चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडले, मसणवट्याशेजारी चूल मांडून भाकरी थापल्या... मला कुणी भेटलं नाही. लिहाय-वाचायला मी नातीच्या पुस्तकावरून शिकले, तेव्हा चुका पोटात घाला. पण हे लिहिल्याबिगर माझा जीव शांत व्हायचा नाही. कारण दवाखान्यातल्या कागदावर हे कुणी लिहूनच घेत नाही!

आमची वस्ती बीड तालुक्यात, लिंबागणेशच्या अलीकडं. मागच्या वर्षी आमच्या मालकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. मीठ कमी पडलं तर ताट सरकवतात. पण शब्द नाही. जन्मभर मला "अगं ए, ऐकलं का" म्हणणारा माणूस... मी नुसती तोंडाकडं बघत बसायची. तेवढं "अगं ए" परत मिळालं तरी मला बास होतं.

कुणीतरी सांगितलं, संभाजीनगरला एका दवाखान्यात डोक्याला बारीक करंट देऊन बोलणं शिकवतात. दहा दिवस, दहा सिटिंग. पुतणीकडं उतरलो. शॉक-बिक नसतो तो — दोन ओल्या चकत्या डोक्याला पट्ट्यानं बांधायच्या, बॅटरीचा डबा लावायचा, वीस मिनिटं. मुंग्या आल्यागत वाटतं म्हणे. तेवढ्या वेळात बोलणं शिकवणाऱ्या मॅडम चित्रं दाखवून नावं विचारायच्या. छत्री, चप्पल, पेला. सात दिवस गेले, "ब... ब..." सोडून काही नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, काहींना फायदा होतो, काहींना नाही." म्हणजे आम्ही कशात, ते कुणी सांगंना.

आठव्या दिवशी अकराचं सिटिंग. मॅडमनी मेंढीचं चित्र धरलं. पांढरीफेक, गुबगुबीत, कापसाचं बोचकं जसं!

"बाबा, हे काय?"

मालकांनी तोंड फिरवलं. मॅडमनी फुली मारली.

"अहो मॅडम, असली मेंढी त्यांनी जन्मात बघितली न्हाई. आमची काळी असतात, काटक. फुली कावून मारता?"

"आजी, मध्ये बोलू नका ना."

तेवढ्यात मालकांनी डोळे मिटले अन् हाळी दिली. लांब गेलेली मेंढरं माघारी बोलवायची, त्यांची ठरलेली — "हुर्र्र... हे हे हेऽऽ!" तशीच शेवटाला चढलेली. झटक्यानंतर पहिल्यांदा! मला रडूच फुटलं. मॅडमनी कागदावर लिहिलं — "शब्द नाही."

बाहेर आलो तर फोनवर धाकट्या दिराचे तीन मिसकॉल. आमच्या मागं मेंढरं तेच बघत होते. मी फोन लावला.

"वैनी, येताना सांगून तरी यायचं! दादा कुठं दडून बसलाय?"

"येडे झालात का भाऊजी? आमी हितं दवाखान्यात हावोत."

"मग मेंढरं कावून पळाली? चरता चरता सगळी एकदम वळली अन् दादाच्या बाजंपाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, दादानंच हाळी दिली."

"तुमाला ऐकू आली?"

"न्हाई ना! तेच तर म्हणतोय."

पहिला मिसकॉल अकरा वाजून सतरा मिनिटांचा. पुतणीनं बघून सांगितला, हाळी दिली त्याच्या मागोमागचा. मी तशीच आत गेले, सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले योगायोग. मॅडम हसल्या — "आजी, आमच्या फॉर्ममध्ये मेंढ्यांचा रकाना नाही."

दहा सिटिंग संपली. घरी आलो. मेंढरांनी बाजेला गराडा घातला. मालकांनी तोंड उघडलं... काहीच नाही. खालचा ओठ नुसता थरथरला. मेंढरं थोडा वेळ थांबली अन् पांगली. मला वाटलं, संपलं.

पण तेव्हापासून रोज अकराच्या सुमाराला मालक डोळे मिटतात. तोंड बंद. आवाज नाही. अन् मेंढरं वळतात. सवय म्हणावी, तर एक दिवस ते तापानं दोनपर्यंत झोपले — त्या दिवशी दोनला जागे होऊन त्यांनी डोळे मिटले, तेव्हाच मेंढरं वळली. मग मी मुद्दाम भाऊजींना माळाच्या पलीकडं पाठवलं, तिथून बाज दिसतसुद्धा नाही. फोन चालू ठेवला. मालकांनी डोळे मिटले, तसा मी कान त्यांच्या तोंडाला लावला. श्वास फक्त. अन् फोनमधून भाऊजी — "वळली वैनी! निघाली बघा तिकडं!"

कशानं होतं, मला आजही माहीत नाही. भीती वाटत नाही, राग येतो. लई राग येतो! तोंड मी धुते, घास मी भरवते, अन् ऐकू जातंय कुणाला?

काल सगळी आली तेव्हा सर्वांत म्हातारी मेंढी बाजेला टेकून उभी होती. मी तिचा कान धरला. म्हटलं, "सांग की गं, काय म्हणले? माझं काही नाव काढलं का?"

तिनं कान सोडवून घेतला, अन् मालकांकडंच बघत राहिली.